गुडघ्यांपासून वरचा राजा

इथे परदेशात, केलीव्हिलच्या नव्या घरात, बार्बेक्यूमागच्या भिंतीवर लावायला मी माया संस्कृतीतल्या एका प्राचीन राजाचं शिल्प मागवलं होतं. सिमेंटची कॉपी, गुडघ्यांपासून वरची. ते बसवायला साठीचा एक माणूस आला. त्याचं नाव विचारायचं मला सुचलंही नाही.

ड्रिल उचलण्याआधी त्याने राजाच्या कपाळावरची धूळ अंगठ्याने पुसली. मग खालच्या कडेवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिला. मला मीटिंग होती.

"काही प्रॉब्लेम आहे का?" मी जरा चिडूनच विचारलं.

"नाही. कॉपी चांगली आहे. करवतीच्या खुणासुद्धा उतरल्यात."

तो ग्वाटेमालाचा होता. मूळ दगड त्याच्या गावाजवळच्या रानात उभा होता. चोरांना तो अख्खा उचलता येईना, म्हणून त्यांनी गुडघ्यांपाशी करवतीने कापून वरचा भाग नेला. राखणीला त्याचे वडील होते. त्यांना तिथेच गोळी घातली.

"आणि खालचा भाग?"

"पाय आमच्याकडेच आहेत," तो म्हणाला आणि भोकं पाडू लागला. काम अगदी चोख केलं. लेव्हल दोनदा तपासली.

वास्तुशांतीला पुण्याहून आई आली. कुणीतरी देवच असणार, असं समजून तिने राजाला हळदकुंकू लावलं आणि नमस्काराला वाकली. तिचा हात भिंतीवर खाली खाली चाचपत राहिला.

"अरे, याचे पाय कुठे आहेत?"

"सिमेंटचा आहे तो, आई," मी म्हणालो.