वीस वर्षं भरून ठेवलेलं रिव्हॉल्व्हर

फॅबियन रुमाव सिडनीच्या टूनगॅबीत राहायला आला त्याला तेवीस वर्षं झाली. सेव्हन हिल्सच्या एका कारखान्यात तो टूलमेकर होता, मागच्या वर्षी रिटायर झाला. मूळचा वसईचा, तुंगारेश्वरच्या डोंगराकडच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. हाताचा इतका नेमका माणूस की चहात साखर घालतानासुद्धा चमचा काठाशी सपाट करून घेणार. बायको सेलिन त्यावरून त्याला चिडवायची, पण नळ गळला की हाक त्यालाच मारायची.

त्याचा एकच शौक होता, आणि तो सेलिनला कधीच आवडला नाही. महिन्यातून दोन रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की तो नेमबाजीच्या रेंजवर जायचा. तिथे दहा-बारा म्हातारे जमत आणि काळी दारू ठासून उडवायची जुन्या घडणीची रिव्हॉल्व्हरं चालवत. दारू मोजून चाकातल्या प्रत्येक खान्यात ओतायची, वर शिशाची गोळी दाबायची, मागे तांब्याची छोटी टोपी बसवायची. सहा बार काढायला वीस मिनिटं लागत. घरी आणताना हत्यार रिकामं, पुसलेलं, आणि लगेच तिजोरीत. कायदाच तसा होता, आणि फॅबियन कायद्याला धरून चालणारा.

पण हे वेड त्याला लागलं होतं ते पपांमुळे. पपांकडे ठासणीची बंदूक होती, पिकाच्या राखणीचं लायसन्स असलेली. डोंगरातून डुकरं उतरत आणि एका रात्रीत केळीची अख्खी रांग आडवी करत. म्हणून ती बंदूक जूनपासून ऑक्टोबरपर्यंत भरूनच ठेवलेली असायची. चार महिने भिंतींना बुरशी, मीठ पाझरून पाणी झालेलं, आणि त्यातही दारू कोरडी राहायला हवी. पपा मे महिन्यात दारू उन्हात पसरून वाळवत, ठासून झाली की वर नारळाच्या सोडणाचा बोळा बसवत, आणि केपेवर, म्हणजे त्या तांब्याच्या टोपीवर, देवळातून (चर्चला वाडीत देऊळच म्हणतात) आणलेल्या अर्धवट मेणबत्तीचं मेण ओघळवत. मेण कुठलं घ्यायचं यावर त्यांचं ठाम मत होतं. देवळातलं मेण मऊ असतं, तडकत नाही. ऑक्टोबरात ते बंदूक घेऊन बांधावर उभे राहत आणि दोन्ही भाऊ, फॅबियन आणि धाकटा ग्लेन, कानात बोटं घालून वाट बघत. बार झाला की पपांचे खांदे खाली येत.

हे सगळं फॅबियनने एकदा शेजारच्या कॉलिनला सांगितलं होतं. कॉलिन रेल्वेतून निवृत्त झालेला, मितभाषी माणूस. कुंपणापलीकडे टोमॅटो लावायचा आणि शनिवारी दुपारी बिअरची बाटली कुंपणाच्या खांबावर ठेवून गप्पा मारायचा. बंदुकांत रस दाखवला नाही कधी, रेंजवर ये म्हटलं तर हसून टाळलं. पण त्या दिवशी त्याने खोदून खोदून विचारलं. मेण किती जाड? टोपी आधी बसवायची की नंतर? दारू किती दिवस टिकेल असं तुझ्या वडलांना वाटायचं? फॅबियनला बरं वाटलं. पपांची गोष्ट इतक्या मन लावून ऐकणारं सिडनीत दुसरं कोणी नव्हतं.

पुढे कॉलिन वारला. वर्षभराने त्याची बायको मॉरीन, वय शहाऐंशी, घर विकून वेंटवर्थव्हिलजवळच्या वृद्धाश्रमात जायला निघाली. शेड रिकामी करायला फॅबियन मदत करत होता. मंगळवारी सकाळी त्याने फळीमागून बिस्किटांचा एक जुना डबा काढला. डबा फार जड होता. आत तेलकट फडक्यात एक जुनं रिव्हॉल्व्हर होतं, लाकडी मुठीचं. फॅबियनने फडकं पुरतं उलगडलंही नाही. मागच्या बाजूला पाच टोप्या बसवलेल्या दिसत होत्या, आणि प्रत्येकीवर पिवळट मेण होतं.

त्याने डबा अलगद बाकावर ठेवला, नळीचं तोंड भिंतीकडे करून, आणि मॉरीनला बाहेर नेलं.

ती खुर्चीत बसली. मग तिने सांगितलं. ते कॉलिनच्या आजोबांचं होतं. शहाण्णव साली तस्मानियात झालेल्या मोठ्या गोळीबारानंतर देशभर कायदा कडक झाला, लोकांनी हत्यारं जमा केली. तिनेही हट्ट धरला. कॉलिन तिला घेऊन पोलीस स्टेशनला गेला, ती गाडीत थांबली, तो पिशवी घेऊन आत गेला आणि रिकाम्या हाताने परत आला.

"मी त्याला विचारलं, वाईट वाटलं का? तो म्हणाला, थोडं," मॉरीन म्हणाली. "फॅबियन, पिशवीत मग होतं काय?"

ते कुणालाच कधी कळलं नाही.

फॅबियनने पोलिसांना फोन केला, आणि क्लबमधल्या रॉसला. रॉस लायसन्सवाला बंदूक-मिस्त्री, पंचाहत्तरीचा. आलेली कॉन्स्टेबल तरुण होती. तिने असलं हत्यार कधी पाहिलं नव्हतं आणि तसं तिने सरळ सांगितलं. रॉसने लाकडी काडीने मेण खरवडून पाची टोप्या काढल्या, गोळ्यांचं चाक सुटं केलं आणि म्हणाला, नो वरीज, आता हे चावत नाही. सहावा खाना रिकामा होता, पण त्यात कागदाची घट्ट सुरळी कोंबलेली होती. त्याने ती चिमट्याने ओढून फॅबियनच्या हातावर ठेवली. पेन्सिलीने लिहिलं होतं: 'ईस्टर २००४. फॅबियनच्या वडलांच्या पद्धतीने मेण.'

फॅबियनचे कान तापले. शेजारून आलेली सेलिन शेडच्या दारात उभी होती, तिने त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि हळूच मराठीत म्हणाली, "खिशात टाक तो. तुझं नाव आहे त्यावर."

कागद नखाएवढाच होता. बिनलायसन्सचं, भरलेलं हत्यार, आणि त्यात आपलं नाव. आपलंही लायसन्स जाईल, क्लबचं नाव खराब होईल, हे सगळं त्याच्या डोक्यात येऊन गेलं. तरी त्याने तो कॉन्स्टेबलपुढे धरला. हा फॅबियन मीच, म्हणाला, आणि कुंपणावरच्या गप्पा सांगितल्या. तिने दोनदा वाचलं. सापडलेली हत्यारं आणून देणाऱ्याला काही विचारायचं नाही असा नियम आहे, ती म्हणाली, आणि गोष्ट सांगणं हा गुन्हा नाही. कागदाचा फोटो काढून तिने तो मॉरीनला दिला.

रॉसने मग एकेक गोळी काढली. चार खान्यांतली दारू वाळूसारखी सळसळत बशीत पडली. पाचव्यातली ढेप झाली होती, बोटाने चुरली गेली. वीस वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये, चाळीस-चाळीस अंशांच्या उन्हाळ्यांत आणि दमट फेब्रुवारींत बाकीची तशीच कोरडी राहिली होती. कॉन्स्टेबलने मान हलवल्यावर रॉसने एक चिमूट विटेवर ठेवून पेटवली. फस्स करून पांढरा धूर उठला, गंधकाचा उग्र वास अंगणभर पसरला.

क्षणभर फॅबियन पुन्हा वसईच्या बांधावर होता. कानात बोटं घातलेला, चिखलात अनवाणी.

मॉरीनने डोळे मिटले होते. दर ईस्टरच्या शनिवारी कॉलिन भावाच्या शेतावर जायचा आणि त्याच्या जॅकेटला हा वास यायचा, ती म्हणाली. तिला वाटायचं, शेतात पालापाचोळा जाळत असतील. मग तो भाऊ वारला, शेत विकलं गेलं. तेही दोन हजार चारमध्येच. उडवायला जागा उरली नाही तरी त्याने ते भरून ठेवलं होतं.

"मला सांगितलं असतं तर मी ओरडले असते," ती म्हणाली. "पण मला सांगायला हवं होतं."

त्या संध्याकाळी फॅबियनने वसईला ग्लेनला फोन लावला. पपांच्या बंदुकीचं शेवटी काय झालं, हे त्याने इतक्या वर्षांत विचारलंच नव्हतं. ग्लेन म्हणाला, दोन हजार नऊच्या निवडणुकीत लायसन्सची हत्यारं जमा करायला सांगितलं, तेव्हा दिली, पुन्हा आणली नाही. देण्याआधी ती भरलेली होती. पपांचे हात थरथरायचे, बार उपसून काढणं जमेना, म्हणून आदल्या संध्याकाळी ते बांधावर गेले.

"वाजली?" फॅबियनने विचारलं.

"वाजली तर. आख्खी वाडी बाहेर आली. पपा मला म्हणाले, फॅबूला कळव, वाजली म्हणून. मी विसरलो रे. दुसऱ्या दिवशी कामात राहून गेलं, आणि मग ते गेलेच."

फॅबियन त्याला रागावला नाही. आता कळलं ना, एवढंच म्हणाला, आणि केळीचा भाव काय चाललाय ते विचारलं. फोन ठेवल्यावर मात्र तो मागच्या पायरीवर जाऊन बसला. सेलिनने चहा आणून शेजारी ठेवला आणि तीही बसली. रेंजवरून आल्यावर कपडे बाहेरच काढ, एवढा एकच तिचा नियम होता. त्या दिवशी त्याच्या शर्टाला तोच वास होता, तरी ती त्याला टेकून बसली.

रिव्हॉल्व्हर मॉरीनने ठेवलं नाही आणि मोडूही दिलं नाही. कागदपत्रं रॉसने केली, आणि ते हॉक्सबरीकडच्या एका लहानशा गावाच्या संग्रहालयात गेलं, रिकामं, काचेखाली. कागदाचा तुकडा तिने स्वतःकडे ठेवला.

फॅबियन आता दर गुरुवारी वृद्धाश्रमात तिच्याकडे जातो. कधी सेलिन बरोबर पातोळ्या देते, हळदीच्या पानाच्या वासाच्या. मॉरीनला तो वास ओळखू येत नाही, पण खाते. गेल्या खेपेला ती सांगत होती की कॉलिनने लग्नाआधी तिला आपण पोहण्यात पटाईत असल्याचं सांगितलं होतं, आणि लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात समुद्रात कंबरभर पाण्यात तिचा हात घट्ट धरून उभा राहिला होता. सांगता सांगता ती इतकी हसली की नर्स दारात डोकावून गेली.