सोमनाथच्या यॉर्करची ख्याती

दुबईत, अल क्वोजमधल्या एका पेंट कंपनीत सोमनाथ पाष्टे कागदोपत्री स्टोअरकीपर होता. स्टोअरची किल्ली मात्र कधी त्याच्या हाती आली नाही. १९८९ साली त्याला रत्नागिरीहून आणलं होतं ते त्याच्या उजव्या हातासाठी. शुक्रवारी सकाळी कंपन्यांच्या मॅचेस रंगायच्या. टेनिस बॉलवर काळी इलेक्ट्रिक टेप गुंडाळायची, की झाला क्रिकेटचा बॉल! सोमनाथचा यॉर्कर असा पायात घुसायचा, की बॅट्समन आधी अंगठे वाचवायचा, मग विकेट.

मॅनेजर हमीद हैदराबादचा. कस्टमर आला की सोमनाथलाच पुढे करायचा. "हौ जी, येइच है वो! पेंट बाद में देखो, पैले इसका हाथ देखो!"

अशी बारा वर्षं गेली. केस पिकले, खांदा कुरकुरू लागला. फायनल दरवर्षी मार्चात, नेमकी शिमग्याच्या तोंडावर, म्हणून सुट्टी मिळायची ती मे महिन्यात. ग्रामदेवतेची पालखी नाचवून गाव केव्हाच मोकळा झालेला. भेटेल तो विचारायचा, "शिमग्याला का नाय आलास रे?" जसं काही विमान त्याच्या बापाचंच होतं.

पण २००१ची गोष्ट वेगळी होती. पालखीच्या मुक्कामाची पाळी बारा वर्षांनी फिरून पाष्ट्यांच्या घरी आली होती. मागच्या खेपेला अंगणात त्याच्या वडिलांनी, आबांनी पालखी नाचवली होती. सोमनाथ तेव्हा नुकताच दुबईत उतरला होता. आता आबा नव्हते.

"सेमी हारे तो संडे का टिकट," हमीद म्हणाला. "जीते तो फायनल के बाद, इन्शाल्ला."

सेमीफायनल शेवटच्या बॉलवर आली. समोरच्यांना तीन रन हवे होते. बॅटिंगला शिपिंग कंपनीचा इद्रीस, पाकिस्तानी पंजाबचा. तो ओरडला, "उस्ताद जी, अज्ज ते छुट्टी दे दो!"

छुट्टी मलाच हवीय रे बाबा, सोमनाथ मनात म्हणाला. त्यानं ठरवूनच टाकलं. धावत आला आणि गुडघ्याएवढा फुलटॉस दिला, मऊ, लाडूसारखा. शेंबडं पोरही चौका मारील असा.

पण इद्रीसनं बारा वर्षं यॉर्करच खाल्ले होते. बॉल हातातून सुटायच्या आधीच त्यानं बॅट जमिनीत खुपसली. बॉल बॅटीच्या बाजूनं गेला आणि मधला स्टंप उडाला.

"खलास!" हमीद किंचाळला. पोरांनी सोमनाथला उचलून मैदानभर फिरवलं. वर बसून तो खाली उतरवा म्हणत होता. कुणाला ऐकू गेलं नाही.

संध्याकाळी त्यानं बूथवरून घरी फोन लावला.

"हरलाव ना?" बायकोनं, कृष्णाबाईनं पहिलं हेच विचारलं.

"नाय."

मग ती म्हणाली, "पालखी नाचवायला सूर्यकांत भावजींना सांगू?"

"सांग. पण त्याला म्हणावं, आबांसारखी नाचव. आधी तुळशीकडं तोंड. घाई नाय करायची. ढोल वाढला तरी पाय वाढवायचे नायत."

मागे रांगेतला माणूस काचेवर टकटक करू लागला, "भाई, यल्ला, यल्ला!"

"एक मिनट, भाई." सोमनाथनं रिसीव्हर मानेत दाबला, दोन्ही हात मोकळे केले, आणि खांदा कुठं बदलायचा ते बायकोला समजावू लागला.