एकोणसाठ चुलींचं गाव

“गुरुजी, एकोणसाठ कुटुंबांचं गाव तेविसावर कसं आलं?”

तहसीलदार साहेबांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. गुरनुले गुरुजी टोपी हातात घेऊन टेबलासमोर उभे होते. त्यांच्या शेजारी मी. कारण गुरुजींच्या गोषवाऱ्याखाली ‘तपासले’ असं लिहून सही मी केली होती.

ही २००१ च्या जनगणनेची गोष्ट. मी तेव्हा नागभीडकडच्या भागात पंचायत समितीत सांख्यिकी विस्तार अधिकारी होते. जनगणनेपुरतं मला सुपरवायझर केलं होतं. घरोघर जाऊन माणसं लिहितो तो प्रगणक, आणि तो बहुतेक शाळामास्तरच असतो. अशा पाच-सहा प्रगणकांवर एक सुपरवायझर. आम्हा सगळ्यांवर तहसीलदार.

मोजणी दोनदा होते. आदल्या वर्षी घरयादी झाली होती. तिच्यात गावात घरं किती, कुटुंबं किती, एवढंच लिहितात. मग फेब्रुवारीत माणसं मोजायची. घरयादीत गुरुजींच्या गावाची कुटुंबं एकोणसाठ होती. फेब्रुवारीत त्याच गुरुजींनी, त्याच गावात, तेवीस लिहिली. बेरजा बरोबर होत्या म्हणून मी सही ठोकून मोकळी झाले होते. घरयादीशी ताडून पाहायचं राहून गेलं. सरळ सांगायचं तर आळस केला.

“गाव काय हवेत उडालं?” साहेब म्हणाले. “वरून विचारणा झाली तर मी काय उत्तर देऊ? परवापर्यंत मला समाधान पाहिजे. नाहीतर गुरुजींच्या निलंबनाचा प्रस्ताव जातो. आणि मॅडम, तुमचा खुलासा वेगळा.”

गुरुजींच्या रिटायरमेंटला चार महिने होते. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ते एवढंच म्हणाले, “मॅडम, मी खोटं नाई लिहिलं. नियमानंच लिहिलं.”

“मग ही कुटुंबं गेली कुठे?”

“मिरचीवर.”

आमच्या भागात धान निघालं की हाताला काम उरत नाही. मग मुकादम ट्रक घेऊन येतो आणि माणसं आंध्रात मिरची तोडायला जातात. नवरा-बायको दोघंही. म्हातारे आणि लहान पोरं गावात राहतात. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं. जाताना ही माणसं आपली चूल बंद करून जातात. चार-पाच घरचे म्हातारे आणि पोरं एका आजीच्या चुलीवर जेवतात, धान्य ज्याचं त्याने आणून द्यायचं. आणि जनगणनेत कुटुंब म्हणजे काय, तर एका चुलीवर जेवणारी माणसं. ट्रेनिंगमध्ये हे वाक्य मीच गुरुजींना घोकून घ्यायला लावलं होतं. त्यांनी घोकलं आणि तसंच लिहिलं. कुलूप दिसलं ते घर रिकामं, चूल दिसली ते कुटुंब.

मी भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढले. तिथे क्वार्टरला नंबर, आणि एका नंबरात एक कुटुंब. पाच घरं मिळून एक चूल पेटवतात, हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी गावात पोचले. कोरे फॉर्म पुठ्ठ्यात घालून मांडीवर आडवे धरले होते. त्या वर्षी फॉर्म मशीन वाचणार होतं, त्यामुळे घडी पडलेली चालत नव्हती. रस्ताभर मी नियम पुन्हा पुन्हा आठवत होते. कारण खरी अडचण चुलीची नव्हतीच, ती दुरुस्त करता आली असती. अडचण तारखेची होती.

नियम असा. मोजणी नऊ ते अठ्ठावीस फेब्रुवारी. गावचा माणूस या दिवसांत एक दिवस जरी गावात असला, तरी तो त्या गावात मोजायचा. पण नऊ तारखेच्या आधी गेला आणि अठ्ठावीसपर्यंत परतणार नसेल, तर इथे मोजायचा नाही. तो असेल तिथे मोजतील. मिरचीवाले होळीनंतर परततात. म्हणजे सगळं ते गेले कधी यावर होतं. ते आठ तारखेला गेले असतील तर छत्तीस कुटुंबांतलं कमावतं माणूस एकही माझ्या फॉर्मवर येणार नव्हतं, आणि साहेबांना द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

गुरुजी मला पार्बताबाईंकडे घेऊन गेले. सत्तरीची बाई, ढिवर समाजाची. चुलीवर वरणाचं मोठं गंज, भोवती नऊ पोरं.

“पार्बताबाई, ही माणसं मिरचीवर कधी गेली?”

“गेल्ते ना जी. पुनवेले गाडी आली.”

गुरुजी शाळेतून कॅलेंडर काढून घेऊन आले. माघ पौर्णिमा, गुरुवार, आठ फेब्रुवारी. मी पुन्हा पाहिलं. आठच. माझी पाचावर धारण बसली. एका दिवसाने घात झाला होता. गुरुजी भिंतीला टेकून खालीच बसले. त्या क्षणी मला त्यांची दया आली नाही, माझ्या सर्व्हिस बुकाची काळजी वाटली. हे आज सांगायला हरकत नाही.

“पोरीले पानी द्या रे कोनी,” पार्बताबाई म्हणाल्या. “काऊन अशी पांढरी पडली?”

“काही नाही बाई. पुनवेला गाडी आली म्हणता...”

“आली. पन गेली नाई ना!”

“म्हणजे?”

“पुनवेले कसे जातीन? पुनवेले मातामायची पूजा. निवद-बोनं दाखवल्याबिगर गावाची शीव कोनी नाई वलांडत. मुकादम लय बोंबलला. म्हने, डिझेल जळून राह्यलं, दिवस खोटी होऊन राह्यला. म्या म्हनलं, तुले जाचं असन तं जा रिकामी गाडी घेऊन. झोपला मंग तिथीच, गाडीखाली. दुसऱ्या दिशी सकाळी जेवून-खाऊन गेले समदे.”

दुसरा दिवस म्हणजे नऊ तारीख. सकाळचं जेवण गावात झालेलं. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

पण एका म्हातारीच्या शब्दावर छत्तीस कुटुंबं लिहिता येत नाहीत. मी घरोघर फिरले. प्रत्येकाला वेगळं गाठून विचारलं, आणि आपणहून तारीख सुचवली नाही. सगळ्यांनी पूजा सांगितली, मुकादमाचा तमाशा सांगितला. शेवटी शालिक भेटला. तो त्याच ट्रकने गेला होता आणि ताप भरला म्हणून एकटाच परत आला होता. बाजेवर गोधडी घेऊन पडला होता.

“शालिकभाऊ, तिकडे तुम्हाला कोणी मोजलं का?” हे विचारणं भागच होतं, नाहीतर एक माणूस दोनदा लिहिला जातो.

तो हसला. “आमाले कोन मोजते जी? शेताच्या धुऱ्यावर पाल टाकून राह्यतो. तिथचा मास्तर आल्ता एक दिवस. मुकादमानं सांगितलं, हे महाराष्ट्राचे. तं तो म्हने, मंग ह्यायचं मोजनं तिकडंच होईन. अन् गेला सायकल घेऊन.”

“दुसरं कोणी?”

“दुसरं कोनी नाई.”

दुपारभर मी आणि गुरुजी शाळेच्या ओट्यावर फॉर्म भरत बसलो. प्रत्येक चूल तिच्या घरी परत गेली. पोरं आपापल्या आई-बापाखाली आली. माहिती म्हातारे सांगत होते. वय विचारलं की भांडणं होत होती. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं. अठ्ठावन्न कुटुंबं झाली. एकोणसाठावं राहिलं, ते पार्बताबाईंच्या मुलाचं. घरयादीत त्याची चूल आईपासून वेगळी होती. त्यासाठी आम्ही पुन्हा पार्बताबाईंच्या चुलीपाशी गेलो.

“मुलगा आणि सून, दोघंही ट्रकनेच गेले ना?” मी सहज विचारलं. गुरुजींनी पेन टेकवलंही होतं.

“नाई जी. तो दोन दिवस आंधीच गेला, सासऱ्यासंगं. नागभीडहून रेल्वेनं बल्लारशा, मंग तिकडं. त्याले पूजेचं काई नाई. म्या लय बोलली त्याले.”

दोन दिवस आधी, म्हणजे सात तारीख. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग हळूच म्हणाले, “मॅडम, दोनच दिवसांचा फरक. एकोणसाठ पुरे होतात. कोन पाहाले येते?”

कोणी येणार नव्हतं. घरयादीत एकोणसाठ, इथे एकोणसाठ, की साहेब खूश, गुरुजी सुटले, मी सुटले. अठ्ठावन्न लिहिलं तर पुन्हा ‘एक कुठे गेलं’ आलंच. शेवटी म्हटलं, “नको गुरुजी. ते घर बंद म्हणून लिहा. त्याची दोन्ही पोरं आजीच्या फॉर्मवर घ्या.”

पार्बताबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्यांचं सगळं लक्ष पेनाकडे होतं.

“माह्या पोराचं नाव नाई लिहिलं?”

“इथे नाही लिहिता येत, बाई.”

“मंग तो कुठी मोजला जाईन?”

“आहे तिथे. तिकडे मोजतात त्यांना.”

“असं का? मंग बरं हाय,” त्या म्हणाल्या आणि गंजातलं वरण ढवळायला वळल्या.

तहसीलदारांनी दुसऱ्या दिवशी फॉर्म उलटसुलट पाहिले. “अठ्ठावन्न? एकोणसाठ का नाही?”

“एक कुटुंब सात तारखेला गेलं साहेब. नियमात बसत नाही.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, “खोटं लिहायचं असतं तर एकोणसाठ लिहिलं असतं, नाही का?” आणि सही केली. निलंबनाचा विषय तिथेच संपला. गुरुजी चार महिन्यांनी सन्मानाने रिटायर झाले, शाल-श्रीफळ घेऊन. त्या एका कुटुंबाची तिकडे नोंद घ्यावी असं पत्र मी साहेबांच्या सहीने रवाना केलं. त्याचं उत्तर आलं नाही.

पुढे नव्या सुपरवायझरांना ट्रेनिंग देताना मी त्यांना सांगायची, की आमच्याकडे आधी मातामायची पूजा कधी झाली ते विचारा, मग माणसं मोजा. ते हसायचे. मी त्यांना हेही सांगायची, की एवढ्या नोकरीत फॉर्मवर मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. ते खरंच आहे. पार्बताबाईंना मात्र मी तोंडावर खोटं सांगितलं, आणि ते सांगताना शालिकचं ‘आमाले कोन मोजते’ मी त्याच दिवशी ऐकलेलं होतं.