संध्याकाळी उतरणाऱ्या पापण्या

देवासच्या लतिका बोरगावकर सकाळी चार बायकांचं काम एकट्या उरकत, आणि संध्याकाळी त्यांच्याच्याने लाटणंसुद्धा उचलवत नसे. १९९४ साली हे सुरू झालं, तेव्हा घरच्यांनी निदान करायला फार वेळ लावला नाही. आळस. सासूबाईंना तर आजाराच्या वेळेचाच संशय आला. "चहाला ठणठणीत आणि पोळ्यांच्या वेळेला बरोबर गळाठते. इतका हुशार आजार आमच्या काळी नव्हता हो!"

दुपार कलली की लतिकाबाईंच्या पापण्या उतरत, घास चावता चावता जबडा थके, आवाज नाकातून येऊ लागे. त्या शाळेत शिकवत. "कक्षा में सोती हैं," असा शेरा मारून हेडमास्तर मोकळे झाले. मोहल्ल्याने सल्ल्यांत काही कमी पडू दिलं नाही. कोणी भिजवलेले बदाम सांगितले, कोणी नवस सांगितला. एका भियाने, तिकडे भैयाला भियाच म्हणतात, चष्मा बदलून बघा म्हटलं. चष्म्याचं दुकान त्याचंच होतं. डॉक्टर सकाळी तपासत, सकाळी त्या धडधाकट असत, मग डॉक्टर नवऱ्याला बाजूला घेऊन हळूच विचारत, "घर में कोई टेन्शन?" टेन्शन होतंच. डॉक्टर सुरू झाल्यापासून ते वाढलं होतं.

अशी काही वर्षं गेली. मग एकदा इंदूरला जाताना वाटेत बस बंद पडली आणि नव्या डॉक्टरांकडे पोचायला दिवेलागण झाली. त्या खटारा बसने जे केलं, ते एवढ्या डॉक्टरांना जमलं नव्हतं. डाव्या डोळ्याची पापणी पूर्ण उतरलेली होती. डॉक्टरांनी तिच्यावर थोडा वेळ बर्फ धरला. बर्फ काढला, तर डोळा उघडा! नवरा बघतच राहिला. पुढे रीतसर तपासण्या होऊन नाव कळलं: मायस्थेनिया ग्रेव्हिस. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत धड पोचत नाही. वापरावेत तसे स्नायू थकतात, विसावा मिळाला की सावरतात. गोळ्या सुरू झाल्या. इतकं भारदस्त नाव निघाल्यावर सासूबाईही निवळल्या. आळशी सुनेपेक्षा इंग्रजी आजाराची सून चारचौघींत सांगायला बरी.

पुढे गावातल्या एका क्लबाला समाजसेवेची हुक्की आली. 'दुर्लभ रोग जागरूकता संध्या' ठरली. अध्यक्ष फत्तेसिंगजींनी लतिकाबाईंची ओळख "हमारे नगर की दुर्लभ महिला" अशी करून दिली, शाल घातली, नारळ दिला. मग प्रमुख पाहुणे ब्लडप्रेशरवर बोलले. इतकं बोलले की लतिकाबाईंच्या गोळीचा असर उतरून गेला. त्या उभ्या राहिल्या आणि चार वाक्यांतच आवाज नाकात गेला, पापण्या झुकल्या. सभागृह गहिवरलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. फत्तेसिंगजींनी माईक ओढून घेतला, "बहनजी भावुक हो गई हैं, तालियाँ!"

टाळ्या थांबेपर्यंत लतिकाबाई हाताने हनुवटी सावरून उभ्या होत्या. मग एकेक शब्द ढकलत म्हणाल्या, "भावुक नहीं हुई हूँ, भिया. बीमारी यही है. ठीक से देख लो."

पुढच्या रांगेतले पदर डोळ्यांवरून खाली आले.

कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांत बसलेले धारचे उदाजीराव जवळ आले. जुन्या सरदारी खाक्याचे गृहस्थ, पण आवाज पडलेला. "आमच्या सूनबाई, इंदू. जेवताना अशाच हनुवटी धरून बसतात. आम्ही म्हटलं, माहेरचं वळण नाही. तीन वर्षं वळणच लावतो आहोत."

पुढच्याच रविवारी लतिकाबाई धारला गेल्या. इंदू ताटावर मान खाली घालून बसली होती. त्या तिच्याशेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "चावून चावून दमतेस ना ग? पाणीसुद्धा नाकातून येतं?"

इंदूने घास खाली ठेवला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला कोण सांगणार? माझंही येतं."

इंदू रडली. उदाजीराव उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

इंदूरला तिचं निदान झालं, औषधं लागू पडली. त्यानंतर हा आजार पहिल्यांदा आपणच ओळखला, असं उदाजीराव सगळ्या धारला सांगू लागले. लतिकाबाईंनी सांगू दिलं, कारण त्या भरात ते रोगी धुंडाळून आणत. बहुतेक जण दुपारी दाबून जेवून सुस्तावणारे निघत. पण धारजवळच्या मनावर गावातली जमुनाबाई खरी निघाली. तिला बाहेरचं लागलंय म्हणून गावचा बाबा वर्षभर झाडत होता, आणि ती सापडली तेव्हा तिला श्वाससुद्धा पुरत नव्हता. लतिकाबाई आणि इंदू दोघींनी तिला उदाजीरावांच्याच गाडीत घालून इंदूरला नेलं. तिथे ती बरेच दिवस मशीनवर होती. वाचली.

घरी सोडलं तेव्हा जमुनाबाईला एकच काळजी होती. "अब बाबा से क्या बोलूँ?"

"बोलना, भूत को इंदूर पसंद आ गया," इंदू म्हणाली. "वहीं रह गया."