जावयाचा चाकू आणि सासूबाईंची सहाण

गेल्या गणपतीत आमच्या जावयाच्या चाकूची धार गेली, ती मी घालवली. माझा मेहुणा दिनू याचा त्यात काहीही संबंध नव्हता. हे वाक्य मी आजवर तीन वेळा तोंडी सांगितलं आणि तिन्ही वेळा लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. म्हणून आता लिहून काढतो.

मी फरीदाबादच्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंट विभागात नोकरी केली. स्टील तापवायचं, तेलात बुडवायचं, पुन्हा थोडं तापवायचं आणि ते किती कडक झालं ते मोजायचं, एवढंच काम आयुष्यभर केलं. त्यामुळे घरात कात्रीपासून नेलकटरपर्यंत कशावरही शेवटचा शब्द माझा. (इतर कोणत्याही विषयावर माझा पहिला शब्दसुद्धा कोणी ऐकत नाही.)

माझ्या खिशात कायम एक घडीचा चाकू असतो. साधं कार्बन स्टील. लिंबू कापलं की काळं पडतं, ओलं ठेवलं की गंजतं, आठवडाभर वापरलं की बोथट होतं. पण रविवारी चहा उकळेपर्यंत दगडावर चार हात मारले की पुन्हा कागद सरसर कापतं. माझं त्याच्याशी छान जमतं.

आमचा जावई आदित्य गुरुग्रामला एका कंपनीत आहे. लोक गाड्यांचा शौक करतात, हा चाकूंचा करतो. श्रावणात मुक्ताला, म्हणजे आमच्या लेकीला, घेऊन जेवायला आला तेव्हा त्याने खिशातून एक चाकू काढला आणि अंगठ्याने टक् करून उघडला.

"बाबा, हे पावडर स्टील आहे. व्हॅनेडियम भरपूर. याची धार महिनोन्महिने जात नाही."

"जात नाही असं काही नसतं," मी म्हणालो. "उशिरा जाते. आणि एकदा गेली की तुझे हाल. व्हॅनेडियमचे कण पाजवायच्या दगडापेक्षा कडक असतात. दगडच गुळगुळीत होईल, चाकू नाही."

"म्हणून तर डायमंडची प्लेट लागते. माझ्याकडे आहे ना."

"म्हणजे चाकू खिशात आणि धार गुरुग्रामला. वा."

"बाबा, तुम्हीच वापरून बघा यार. गणपतीपर्यंत ठेवा तुमच्याकडे. रोजची कामं करा. फक्त पाजवू नका. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस केलं. मुक्ता म्हणाली, "आदित्य, तू चाकू देतोयस की मांजर सांभाळायला देतोयस?"

दुसऱ्या दिवसापासून मी त्या चाकूला कामाला लावलं. दुधाची पिशवी, कारल्याच्या बिया, कुरिअरची टेप, नाडीचं टोक. धार तशीच. पहिल्या आठवड्यात मला कौतुक वाटलं. दुसऱ्या आठवड्यात थोडा राग आला. त्यानंतर तो चाकू मला चिडवतोय असं वाटू लागलं.

धार घालवायची तर पुठ्ठ्यासारखा शत्रू नाही. कागदाच्या लगद्यात बारीक रेती असते, ती चाकू खाते. म्हणून मी पुठ्ठे जमवायला लागलो. घरातले संपले तेव्हा शेजारी गेलो. समोरच्या चोप्राबाईंकडे नवा फ्रिज आला होता.

"भाभीजी, वो डिब्बा फेंकना मत."

"क्यों भाईसाहब, शिफ्ट हो रहे हो?"

"नहीं, काटना है."

चोप्राबाईंनी खोका दिला आणि दार जरा लवकर लावलं. पुढे सोसायटीत कोणाचंही पार्सल आलं की गार्ड मला इंटरकॉमवर कळवू लागला. गच्चीवर बसून मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या पाडत असे. खालच्या मजल्यावरचे भाटियाजी एकदा वर आले, पट्ट्यांचा ढीग पाहिला आणि हळू आवाजात म्हणाले, "पेंशन टाइम पे आ रही है ना, अंकलजी?"

धार उरली आहे की नाही हे पाहायची एक जुनी रीत आहे. मनगटावरचे केस तासून बघायचे. रोज बघितल्यामुळे माझा डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत झाला. आमच्या हिने, म्हणजे नलिनीने, एकदा तो हात धरून उजेडात नेला.

"अहो, हे काय? केस गळतायत. आणि फक्त डाव्या हाताचे."

"वय झालं."

"वय एकाच हाताचं होतं का?"

मला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेण्यात आलं. त्यांनी मलम दिलं. ते मी लावलंही, कारण खरं सांगणं जास्त अवघड होतं.

अखेर गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी चाकू टोमॅटोच्या सालीवर किंचित घसरला. मी इतका खूश झालो की तो टोमॅटो तसाच खाल्ला. इथे थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मला वाटलं, धार गेली हे दाखवण्यात काय मोठेपणा? घरच्या घरी ती परत लावून दाखवली, तर जावयाची डायमंडची प्लेट गेली उडत. प्रॉमिस होतं, मान्य. पण ते धार असलेल्या चाकूबद्दल होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुपारी नलिनी फुलं आणायला गेली. मी माझा नेहमीचा दगड काढला. मी जे जावयाला बजावलं होतं तेच झालं. दगड आरशासारखा चकचकीत, चाकू जसाच्या तसा. मग कपाच्या बुडाशी जी खरखरीत कड असते ती वापरली. पाहुण्यांच्या सेटमधले तीन कप त्यात काळे झाले. चाकूवर ओरखडे आले. मग माझी नजर देवघराकडे गेली.

तिथे सहाण होती. गंध उगाळायची, गोल, बैठी, सासूबाईंनी नलिनीला दिलेली. बारीक पोताचा दगड, पाणी धरून ठेवणारा. हीट ट्रीटमेंटमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या क्षणी ती पूजेची वस्तू दिसली नाही. मला ती पाजवायचा उत्तम दगड दिसली.

मी नमस्कार केला (एवढं भान होतं) आणि घासायला सुरुवात केली. घाईत कोन सांभाळला गेला नाही. पाणी करडं झालं, मला वाटलं स्टील निघतंय, काम होतंय. मी आणखी जोर लावला. पुसून पाहिलं तर धारेची जागा बोटाने दाबावी इतकी गोल झाली होती. त्या चाकूला आता लोणीसुद्धा नाही म्हणालं असतं. तेवढ्यात जिन्यावर नलिनीची चाहूल लागली. मी सहाण नळाखाली धरली, जागेवर ठेवली आणि चाकू मिटून टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नलिनी गंध उगाळायला बसली. गंध करडं आलं. तिने वास घेतला, पुन्हा उगाळलं. आणखी करडं.

"हे खोड दिनूने आणलं होतं ना?" ती म्हणाली. "भेसळ आहे. डोळे मिटून काहीही घेतो हा मुलगा."

हा मुलगा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो बँकेतून निवृत्त झाला आहे, नोएडाला राहतो. दर गणपतीला तो केळीची पानं आणतो आणि नैवेद्यासाठी ती कापण्याचा मान त्याचाच. शीर न फाटता सरळ रेघेत पान कापणं ही त्याची कला आहे आणि तो ती कोणाला शिकवत नाही. त्या दिवशी त्याने पानं पसरली आणि हात पुढे केला.

"सुरी कुठाय, ताई?"

"मामा, हा घ्या," आदित्य उत्साहाने म्हणाला आणि टेबलावरचा चाकू त्याच्या हातात दिला. "बघा कसा लोण्यासारखा जातो."

चाकू पानावर टेकला, पान गोळा झालं, आणि टर्रकन शिरेपर्यंत फाटलं. दुसरंही फाटलं. तिसऱ्याच्या वेळी दिनूने जोर लावला आणि पाटाला खाच पडली. आदित्यने चाकू हातात घेतला, उजेडात धरला आणि त्याचा चेहरा उतरला.

"मामा, तुम्ही पाटावर दाबलात का? धार पूर्ण गेली. सगळीकडे ओरखडे."

"मी फक्त पान कापलं रे."

"तू लहानपणापासून असाच," नलिनी म्हणाली. "जिथे हात लावशील तिथे मोडतोड. आणि ते चंदन कुठून आणलंस?"

"चंदनाला काय झालं आता?"

आदित्य माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही सांगा. इतक्या झटकन कशी जाईल?"

सगळे माझ्याकडे बघत होते. घरात माझा शब्द शेवटचा असलेला तो एकच विषय होता. खरं तोंडावर आलं होतं. पण समोर सासूबाईंची सहाण होती आणि सहाणेमागे नलिनी होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "कडक स्टील ठिसूळ असतं. चुकीच्या कोनात दाब पडला की कड तुटते."

दिनूने माझ्याकडे एकदा पाहिलं. फाटक्या पानावर जेवला, संध्याकाळच्या आरतीला थांबला नाही.

त्यानंतर त्याचा फोन बंद झाला. एरवी दर रविवारी जेवायला येणारा माणूस. नलिनी म्हणायची, "मी का करू फोन? चुकला तो." पण दिवाळी जवळ आली तशी तिने त्याच्यासाठी शर्ट आणला, त्याच्या आवडीच्या खमंग चकल्या आधी तळल्या आणि इंटरकॉम वाजला की तिचे हात थांबायचे. भाऊबीजेला दिनू येणार की नाही, हे घरात कोणी बोलत नव्हतं. मला जेवण जाईना.

शेवटी मी मेट्रोने नोएडाला गेलो. दिनूने चहा केला, पण समोर बसला तो पेपर घेऊन. मी सगळं सांगितलं. पुठ्ठे, कप, सहाण, सगळं. त्याने पेपर खाली ठेवला.

"भावोजी, ताईने पाठवलं का?"

"नाही. तिला माहीतही नाही."

"म्हणजे मी यावं म्हणून तुम्ही आपल्या अंगावर घेताय."

"अरे, खरंच मी घासला. सहाणेवर."

दिनू हसायला लागला. "सहाणेवर? तुम्ही? भावोजी, जरा पटेल असं तरी बनवायचं." मग त्याचे डोळे भरून आले. "पण तुम्ही माझ्यासाठी इतकं खोटं बोललात. मी येतो. नक्की येतो."

आला. ओवाळून झालं, नलिनी रडली, दिनू रडला, आणि मग त्याने सगळ्यांना माझ्या थोर खोटेपणाची हकीकत सांगितली. मी ताडकन उठलो. म्हणालो, हे खोटं नाही, मीच घासला, तेव्हाही सांगायला हवं होतं. आदित्यने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, बस करा. व्हॅनेडियमवर मला लेक्चर देणारा माणूस सहाणेवर चाकू घासेल?"

मी देवघरातून सहाण आणली. "हे बघा. या करड्या रेघा. हे स्टील आहे."

नलिनीने ती पदराने पुसली. "ते दिनूच्या चंदनाचे डाग आहेत. घासून घासून जात नाहीत."

"चुकलं माझं, ताई," दिनू म्हणाला. "आणि पाटावरही मीच दाबलं असणार. आता मलाही आठवतंय थोडंथोडं."

त्याला आठवायलाही लागलं होतं! मी खाली बसलो. मला जास्तीची चकली वाढण्यात आली.

म्हणून हे लिहिलं. लिहून झाल्यावर आधी नलिनीला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, कागद नीट घडी करून परत दिले आणि म्हणाली, "छान लिहिलंय. दिनूला किती सांभाळून घेतलंत. पण लोकांना पटायचं नाही. इतका मूर्खपणा तुमच्या हातून होणं शक्य नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या बुद्धीबद्दल तिने पहिल्यांदाच चांगलं मत दिलं, आणि ते खोडून काढण्यासाठी मी हा लेख छापायला पाठवतो आहे.