एकट्याची तरावीह

"बाई, गाडी तोंड करून उभी हाय," रोज संध्याकाळी ते मला सांगायचे. म्हणजे जीप रस्त्याकडे तोंड करून लावली आहे, रात्री कोणी अडलेली बाई आली तर वळवण्यात वेळ जायला नको. आरमोरीच्या पुढे, जंगलातल्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते, ते ड्रायव्हर. बायको वारलेली, एकुलती लेक राजुऱ्याला दिलेली. गावात मुसलमान म्हणून ते एकटेच.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, स्वतःचं दुःख हसत सांगणारी. रमजानात इशाची, म्हणजे रात्रीची नमाज झाली की ते क्वार्टरच्या ओसरीत एकटेच तरावीह पढायचे. ही त्यानंतरची जादा नमाज, वीस रकात, म्हणजे उभं राहून, वाकून, माथा टेकून वीस फेरे. "राजुऱ्यात मशिदीत हाफिज सायब महिनाभराच्या तरावीहमंदी पूर्ण कुराण तोंडपाठ ऐकवतात. मले त्यातल्या दहाच सुरा येते. त्याच फिरून फिरून म्हनतो. आता तं तुमाले बी पाठ झाल्या असतीन!"

एका वर्षी त्यांनी राजुऱ्याला जायला रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांची रजा मंजूर करून घेतली. नवा कुर्ता शिवला. निघायच्या सकाळीच बैलगाडीतून एक गोंड बाई आली. पोटात बाळ आडवं. बदली ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून ठेवली. "चला बाई."

गडचिरोलीला मायलेकरू दोघंही वाचली. बदली ड्रायव्हर मात्र आलाच नाही.

"तुम्ही जा, आम्ही पाहू," मी म्हटलं.

"आन् रात्री कोनी आलं तं? गाडी कोन चालवन?"

रमजानच्या सत्ताविसाव्या, सगळ्यात पवित्र मानलेल्या रात्री ते चटई अंथरून नुसतेच उभे होते. मला पाहून म्हणाले, "बाई, जरा मागं बसता काय? पाठीमागं कोनी हाय असं वाटलं तं बरं वाटते."

मी शाल गुंडाळून पायरीवर बसले. कळत एक शब्द नव्हता. थंडीनं त्यांचा आवाज कापत होता. दर चार रकातींनंतर ते जरा टेकायचे आणि मी आहे ना, ते वळून पाहायचे.

पुढं निवृत्त होऊन ते लेकीकडे गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात मी राजुऱ्याला गेले, तेव्हा घर विचारत पोचले. मी कोण ते सांगताच लेक रडायलाच लागली. अब्बा पंधरा दिवसांपूर्वी गेले होते.

"यंदाच्या रमजानात पूर्ण कुराण ऐकलं त्यायनं," ती म्हणाली. "एक रात चुकवली नाई."

कुराण पूर्ण झालं त्या रात्री, ती सांगत होती, मशिदीत सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. अब्बांच्या जुन्या ओळखीचं तिथं कोणी नव्हतं. ते रांगेतच बसून राहिले, मग हळूहळू घरी आले.

"मी पुसलं, रडता काऊन? तं म्हने, दवाखान्यातल्या बाईले सांगाचं होतं, पूर्ण झालं म्हनून."