दहा प्रश्न आणि बाबांचं फिरणं

आमच्या गावाचं एक चार पानी पत्रक निघतं. पिवळी जाकिटं घालून शनिवारी सकाळी चिमट्याने रस्त्यावरचा कचरा उचलणारी हौशी मंडळी ते काढतात. त्यात दर वेळी एका रहिवाशाला दहा प्रश्न विचारलेले असतात. गावातलं काय आवडतं, काय खटकतं, पाहुणा आला तर त्याला कुठे न्याल, असे. या उन्हाळ्यात त्यांनी मला विचारलं. सात वर्षं इथे काढल्यावर आपलं मत कुणालातरी हवंय याचा मला आनंद झाला, आणि मतं माझ्याकडे उदंड आहेत.

गाव आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, जुनं, अर्ध्या अंगाला दगडी तट असलेलं. माझं मत असं की तटाचा अभिमान सगळ्यांना आहे आणि तटातून उगवलेली झुडपं काढायची घाई कुणालाच नाही. मुख्य रस्ता ज्याने एकेरी केला त्याने गाडी कधी चालवलेली नसावी. सीगल पक्षी हातातले चिप्स पळवतात आणि लोक पक्ष्यांचंच कौतुक करतात. रस्त्यात भेटेल तो 'हाउ आर यू' म्हणतो आणि उत्तराला थांबत नाही. पहिल्या वर्षी मी प्रामाणिकपणे उत्तर द्यायला सुरुवात करायचे आणि समोरचा माणूस तोवर औषधाच्या दुकानापर्यंत पोचलेला असायचा. आता मीही थांबत नाही.

रिंगास्किडीतल्या औषधांच्या कारखान्यात मी गोळ्या तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथल्या कँटीनमध्ये एका जेवणाच्या सुट्टीत मी सहा उत्तरं झरझर लिहून टाकली. सातवा प्रश्न होता, 'वयस्कर माणसांसाठी आपलं गाव कसं आहे?' तिथे मी मुद्दाम सावकाश लिहिलं, कारण तेव्हा माझे बाबा आमच्याकडे आलेले होते.

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आले, तीन महिन्यांसाठी. दुपारचा चहा झाला की ते पायात नवे बूट चढवायचे, जुलै असला तरी मफलर गुंडाळायचे आणि टेकडी उतरून तटाच्या कडेकडेने खाली मुलांच्या बागेपर्यंत जायचे. तिथल्या बाकावर बसून समुद्र बघायचा आणि सहाला परत. मला सात वर्षांत जेवढी माणसं ओळखत नव्हती तेवढी बाबांना पंधरा दिवसांत ओळखायला लागली. ते सरळ विचारायचे, मुलं किती, कुठे असतात, फोन करतात का. मी ऐकून शरमेने अर्धी व्हायचे, पण लोक सांगायचे. मटणवाल्याचा मुलगा सिडनीला असतो हे मला बाबांनी सांगितलं. मी उत्तरात लिहिलं, वयस्कर माणसांसाठी हे गाव फार चांगलं आहे.

बाबा अमरावतीला एका लहान मुलांच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. इंजेक्शन देताना पोराला मांडीत धरायचं काम त्यांचं. सुई निघाली की ओरडायला उघडलेल्या तोंडात संत्रा गोळी टाकायची, हेही त्यांचंच. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी रडणारं मूल दिसलं की त्यांचा हात आपोआप खिशात जातो. येताना कपड्यांच्या घड्यांत त्यांनी संत्रा गोळ्यांची दोन मोठी पाकिटं आणली होती. बॅग उघडताना मी ती पाहिली, हसले आणि काही बोलले नाही. हे मी स्वतःला माफ करू शकत नाही. बाबांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. इथे परक्या मुलाला गोड देणाऱ्या माणसाकडे कसं पाहतात ते मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या पहिल्याच सभेत मला कळलं होतं.

त्याच महिन्यात डब्लिनकडून बातम्या यायला लागल्या. आपल्या भारतीय माणसांना रस्त्यात गाठून मारहाण केल्याच्या. कुणी कामावरून परतत होता, कुणी नुसता चालत होता. एकाला तर लहान मुलांशी वाईट वागल्याचा खोटा आळ घेऊन मारलं, असं आमच्या मराठी ग्रुपवर आलं. एरवी त्या ग्रुपवर कढीपत्ता कुठे मिळतो याची चर्चा असते. आता तिथे सूचना येऊ लागल्या. एकटं फिरू नका. कानात इअरफोन घालू नका. रस्त्यात फोनवर आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका. माझा नवरा म्हणाला, "डब्लिन लांब आहे गं. इथे सगळे एकमेकांना ओळखतात." मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

एका गुरुवारी कामावरून येताना मी दूध घ्यायला दुकानापाशी गाडी थांबवली आणि उतरण्याआधी फोन पाहिला. गावाच्या फेसबुकच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं की तटाखालच्या बागेत एक वयस्कर परदेशी माणूस मुलांना गोळ्या वाटतोय, पालकांनी लक्ष ठेवावं. खाली एका बाईने लिहिलं होतं, मीही त्याला पाहिलंय. दुसरीने लिहिलं होतं, अहो तो टेकडीवरच्या भारतीय घरातला आजोबा, निरुपद्रवी आहे. निरुपद्रवी. मांजराबद्दल म्हणावं तसं. तिसऱ्याच्या नावापुढे फोटो नव्हता. त्याने एवढंच विचारलं होतं, तो साधारण किती वाजता असतो तिथे? आणि कुणीतरी भाबडेपणाने उत्तर दिलं होतं, रोज पाच ते सहा.

गाडीतल्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी बाबांना फोन लावला. ते फिरायला जाताना फोन घरी ठेवतात, हरवेल म्हणून. नवरा घरून काम करतो, पण तो मीटिंगमध्ये होता आणि उचलत नव्हता. त्या एकेरी रस्त्याने मला उलट्या दिशेला नेलं आणि पूर्ण गावाला वळसा घालायला लावला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मी बाबांना जमिनीवर पडलेलं पाहिलं, मफलर बाजूला, चष्मा फुटलेला. रुग्णवाहिकेला काय सांगायचं ते इंग्रजीत जुळवलं. भावाला अमरावतीला फोन करून काय सांगायचं ते मात्र जुळेना.

बाबा बाकावर बसले होते. चांगलं ऊन होतं, झोपाळ्यांवर मुलं होती, आणि तटाच्या पायऱ्या उतरून दोन माणसं त्यांच्याकडेच येत होती. ट्रॅकसूट घातलेली, एकाच्या हातात कुत्र्याची दोरी. मी गाडी वाकडीतिकडी सोडून धावले. ती दोघं बाबांच्या पुढ्यात पोचली, एकाने मान हलवली, "ग्रँड इव्हनिंग" म्हणाला, आणि ती निघून गेली. कुत्र्याने बाबांच्या बुटाचा वास घेतला. बाबांनी मला पाहून हात केला.

मी त्यांचा दंड धरून त्यांना गाडीत बसवलं. इतक्या जोरात धरला की ते म्हणाले, "अवं, काऊन ओढून राहिली? काय झालं?" मी त्यांचा पट्टा लावला आणि गाडी घराकडे वळवली.

घरी मला ते बोलावं लागलं. आपल्या जन्मदात्याला असली गोष्ट समजावून सांगायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. मी आधी आडून सांगितलं. म्हटलं, इथे मुलांना अ‍ॅलर्जी असते, बाहेरचं देत नाहीत. बाबांना ते लगेच पटलं. म्हणाले, "मंग आईले विचारून देत जाईन." मी म्हटलं, विचारूनही नाही. डोक्यावरून हातही फिरवायचा नाही. मुलांच्या बागेशेजारी एकट्याने बसायचंच नाही. "पन काऊन?" त्यांनी विचारलं. "एक लेकरू पडलं होतं, रडत होतं. त्याले गोळी देल्ली म्या. लोकाईले काय वाटून राहिलं?"

मग मी सांगितलं लोकांना काय वाटतंय ते. मराठीत त्याला बरा शब्द नाही, आणि जो आहे तो मी बाबांसमोर आयुष्यात उच्चारला नव्हता.

बाबांनी खिशातून गोळ्या काढल्या, मोजून नव्हे, मुठीने. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, चहाच्या डब्याच्या मागे ठेवल्या आणि खोलीत गेले. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "इज आबाजी क्रॉस विथ मी?" माझ्यावर रागावलेत का, असं. मी म्हटलं, नाही गं, आबाजींचे पाय दुखतायत.

फेसबुकवर काय लिहू याचा मी दोन तास विचार केला. लिहिलं, खोडलं. माझे वडील आहेत ते, तुमच्या मुलांना सुई टोचताना धरणारा असा माणूस तुम्हाला मिळायला नशीब लागतं, असं लिहिलं आणि खोडलं. राग आला होता, पण लिहिलं तर आमचं घर कोणतं हे त्या बिनफोटोच्या माणसाला कळेल, ही भीती त्याच्यापेक्षा मोठी होती. शेवटी समोरच्या घरातल्या बाईने आपणहून लिहिलं की हे गृहस्थ माझे शेजारी आहेत आणि तुम्हाला लाज वाटायला हवी. ती मूळ पोस्ट मग काढून टाकली गेली. बाई दारात येऊन म्हणाली, बाबांना सांग, काही मनावर घेऊ नका. बेल वाजली तेव्हा बाबा खुर्चीतून उठून जिन्याखाली जाऊन उभे राहिले होते. ती गेल्यावर बाहेर आले.

पोस्ट निघाली, भीती राहिली. दारासमोर गाडी हळू झाली की मी पडदा सरकवून नंबर पाही. सुपरमार्केटमध्ये रांगेत मागे उभ्या असलेल्या प्रत्येक पुरुषाकडे पाहून मनात येई, तोच का हा, वेळ विचारणारा? सात वर्षांत जमवलेली सगळी मतं उलटीपालटी झाली. हे गाव चांगलं आहे हे मला अजूनही ठाऊक होतं, आणि त्यातला एक जण चांगला नाही हेही. तो एक कोण ते ठाऊक नसल्यामुळे मी सगळ्यांनाच भीत होते. मटणवाल्यालाही.

पत्रकाचा दहावा प्रश्न तसाच राहिला होता. 'गावात एक गोष्ट बदलायची झाली तर कोणती बदलाल?' काम बघणाऱ्या बाईंनी आठवणीचा ईमेल पाठवला, सोबत एक फोटोही मागितला. मी लिहिलं, समुद्राच्या बाजूला कचऱ्याचे डबे वाढवावेत. फोटो दिला नाही. रस्त्याचं नाव छापू नका म्हणून विनंती केली. त्यांनी लगेच कळवलं, उत्तरं फार छान आहेत.

बाबांनी फिरायला जाणं सोडलं. दिवसभर टीव्हीसमोर, आवाज बंद करून. त्यांचं ते बसणं मला बघवेना, म्हणून एका रविवारी मीच आग्रह केला, आपण सगळे मिळून बागेत जाऊ. नवऱ्याला काम होतं. मी, बाबा, माझी मुलगी आणि तिची स्कूटर. बाबा हात मागे बांधून माझ्या एक पाऊल मागून चालत होते. बागेत ते बाकाच्या अगदी टोकाला बसले, झोपाळ्यांकडे पाठ करून. मी पलीकडच्या गाडीवर कॉफी घ्यायला रांगेत उभी राहिले. वीस पावलांचं अंतर असेल.

स्कूटरचं चाक दगडात अडकलं आणि मुलगी तोंडावर आपटली. मला आवाज आला आणि मी वळले. गुडघा फुटला होता, ओठातून रक्त येत होतं. ती "आबाजी, आबाजी" करून ओरडत होती. बाबा तिच्यापासून दोन हातांवर उभे होते. उठून धावले होते ते, पण तिथे येऊन थांबले होते. दोन्ही हात छातीपाशी वर धरलेले, तळवे बाहेर. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग ढकलगाडी घेऊन जाणाऱ्या एका अनोळखी बाईला ते त्यांच्या जपून जपून बोलायच्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, प्लीज. यू लिफ्ट हर. प्लीज, यू."

बाईला आधी कळेना. मग ती गुडघ्यावर बसली आणि तिने माझ्या मुलीला उचलायला हात पुढे केले. मुलगी तिला ढकलून, तिच्या खांद्यावरून, बाबांकडे हात पसरत होती. बाबा आणखी एक पाऊल मागे सरकले.

मी पोचले आणि तिला उचललं. बाई गोंधळून म्हणाली, "हे तिचे आजोबा नाहीत का?" मी म्हटलं, आहेत. तटाच्या पायरीवर एक माणूस फोन हातात धरून आमच्याकडे पाहत उभा होता. तो कुणाला पाहत होता, कशाला, मला माहीत नाही.

बाबांचे हात अजून वरच होते. ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बराबर केलं ना बेटा म्या? हात नाई लावला."

मी पायरीवरच्या माणसाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो बाबा. बरोबर केलंत."